समुद्रावरच्यांसाठी

१२ ऑगस्ट, सोमवार
मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला

पप्पा,

पत्राच्या सुरुवातीला सलाम लिहायचा आणि मग खुशाली विचारायची, हे तुम्हीच शिकवलंत. सलाम घ्या. खुशाली मम्मीकडून कळते, म्हणून विचारत नाही. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा मम्मीने उचलला आणि चारही वेळा तुम्ही 'कामात' होतात. आपल्या घरात तुमच्या टेबलापासून फोनपर्यंत सहा पावलं आहेत. म्हणून पत्र. कागदावर लिहिलेलं काहीही तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीसुद्धा.

आधी त्या रविवारचं लिहिते. मम्मी म्हणते, चर्चच्या मंडळीत त्याच्या तीन आवृत्त्या फिरताहेत आणि एकीत मी दार आपटून गेले. मी दार आपटलं नाही. चर्चचं ते दार आपटतंच. त्याची बिजागरी सैल आहे आणि सुतारकाका गेलं वर्षभर "या आठवड्यात बसवतो" म्हणताहेत.

मी काय केलं ते मला मान्य आहे. जानेवारीपासून जुलैपर्यंत, दर रविवारी, तुम्ही पाळक म्हणून इतरांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करत असताना, म्हणजे सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली असताना, मी डोळे उघडे ठेवून लोकांची चित्रं काढली. गीतांच्या पुस्तकात वही धरून. त्यातली एक्केचाळीस कॉलेजच्या प्रदर्शनात लावली. कुणाला विचारलं नाही. प्रदर्शन बघायला मंडळीतलं कुणी येईल असं वाटलं नव्हतं. तीन वर्षांत कोण आलं होतं? यंदा शिंपीणबाई आल्या, दुसऱ्या दिवशी दहा जणींना घेऊन आल्या, आणि तिसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतःला झोपलेले बघून गेले. ते म्हणतात, ते झोपलेले नव्हते, नम्र होते.

मला मान्य नाही ते तुम्ही केलंत ते. चर्चच्या पंचांनी ठरवलं की मुलीने मंडळीसमोर माफी मागावी आणि चित्रं पंचांच्या हवाली करावी. तुम्ही स्वयंपाकघरात मला एकदाच विचारलंत, "मागणार नाहीस?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही पाण्याचा ग्लास धुतलात, पालथा ठेवलात आणि गेलात. मग रविवारी, मी तिसऱ्या बाकावर समोर बसलेली असताना, व्यासपीठावरून म्हणालात, "या गोष्टीत दोष माझा आहे, मुलीचा नाही. मंडळीने मला क्षमा करावी."

चित्रं मी काढली, पप्पा. वही माझी, पेन्सिल माझी. दोष तुमचा कसा? तुम्ही थोर ठरलात, मंडळीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काय ठरले? लहान मुलीच्या हातातून जड पिशवी काढून घ्यावी तशी तुम्ही माझी चूक माझ्या हातातून काढून घेतलीत. ती माझी होती. नको तर नको म्हणायची, हवी तेव्हा मान्य करायची, ते मला करू द्यायचं होतंत. म्हणून मी उठले.

परीक्षकांसमोर शेवटची मांडणी २५ सप्टेंबरला आहे. ही चित्रं नसतील तर माझ्याकडे दाखवायला काही नाही, आणि तीन वर्षं पाण्यात. तेव्हा ती पंचांना मिळणार नाहीत. आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मी घरी येणार नाही. तुम्ही हट्टी आणि मीही हट्टी. खाण तशी माती.

मी बरी आहे. पलंग खिडकीजवळ मिळाला आहे.

तुमची,
मुलगी


२० ऑगस्ट, मंगळवार

पप्पा,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. मम्मी म्हणाली, तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि उपदेशांच्या फायलीत ठेवलंत. म्हणजे कधीतरी त्याच्यावर उपदेश होणार.

तीन वर्षांत तुम्ही माझ्या शिक्षणाबद्दल मला एकच प्रश्न विचारलात. फेब्रुवारीत, रविवारी दुपारी जेवताना. मी मम्मीला सांगत होते की चार मिनिटांत चेहरा होतो, पण हात राहून जातात. तुम्ही ताटातून मान वर न करता विचारलंत, "हातांना किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "दहा मिनिटं तरी." मग तुम्ही मीठ मागितलंत. संपली चर्चा. म्हणून आज तुम्ही न विचारलेलं सगळं सांगते. पत्राला मीठ मागून थांबवता येत नाही.

वर्गात मी एकटीच ख्रिस्ती. पहिल्याच आठवड्यात कलेचा इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी पडद्यावर मेरी आणि बाळाचं मोठं चित्र दाखवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा याबद्दल, तुमच्या घरचंच आहे." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? आपल्या चर्चमध्ये पांढऱ्या भिंती, एक लाकडी क्रूस आणि मागच्या भिंतीवर घड्याळ. 'कशाचीही मूर्ती किंवा प्रतिमा करू नकोस' ही दुसरी आज्ञा तुम्ही मी सहा वर्षांची असताना पाठ करून घेतलीत आणि त्याच दिवशी बहुतेक भिंतींनीही पाठ केली. त्या निळ्या झग्यातल्या बाईंना मी जन्मात पहिल्यांदा भेटत होते आणि वर्गाला वाटत होतं आम्ही मावशी-भाची आहोत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी गत. तेव्हापासून माझं नाव 'सिस्टर' पडलं. कुणाला देवदूत काढायचा असला की मला खुर्चीवर उभं करून पाठीला चादर बांधतात. मी सांगून दमले की आमच्या चर्चमध्ये देवदूत नाहीत, पंच आहेत.

ड्रॉइंगला रबर सर आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांचे खोडरबर गोळा करून खिडकीबाहेर टाकले, म्हणून रबर सर. त्यांचा नियम असा की प्रत्येक स्केचच्या कोपऱ्यात तारीख आणि किती मिनिटांत काढलं ते लिहायचं. वेळ लपवणारा चित्रकार आणि वय लपवणारा नवरदेव, दोघांवर विश्वास ठेवू नये म्हणतात. आणि दुसरं म्हणतात, "कुणी बघतंय हे कळलं की माणूस खोटा बसतो. न कळलेला माणूस शोधा." म्हणून सगळी मुलं बस स्टँडवर जातात. तिथे माणूस खरा बसतो, पण नाक काढून होईपर्यंत त्याची बस येते.

आणि मग जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, प्रार्थनेत, माझ्या कपाळावर माशी बसली. तिला हाकलायला मी डोळे उघडले. साठ माणसं, पप्पा. माना खाली, हात मांडीवर सोडून दिलेले, कुणी कुणासाठी बसलेलं नाही. शिंपीणबाईंच्या ओठांत एरवी नेहमी एक टाचणी असल्यासारखं वाटतं. तीही काढून ठेवलेली. एवढी खरी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मला रडू आलं आणि लगेच पेन्सिल आठवली. दोन्ही खरं आहे. मी कुणाची चेष्टा केली नाही, हे निदान तुम्ही तरी समजून घ्यायला हवं होतंत. पण तुम्ही प्रदर्शन बघितलंच नाहीत. न बघता क्षमा मागितलीत.

एक मात्र कबूल करते. मार्चच्या सुमारास तुमची प्रार्थना लांबत गेली त्याचा फायदा मलाच झाला. आधी आजारी, म्हातारे आणि परीक्षेला बसलेले, एवढ्यावर आमेन व्हायचं. मग तुरुंगातले आले, मग टपालवाले, मग बर्फात वाट चुकलेले, आणि शेवटी समुद्रावरचे. आपल्या मंडळीत बोटीवर काम करणारं एकही माणूस नाही. हेडमास्तर म्हणायचे, पाळकसाहेब हल्ली जगाचा नकाशा घेऊन उभे राहतात. बाकांवर चुळबुळ व्हायची. मी मनात म्हणायची, अजून दोन देश घ्या पप्पा, अंगठा राहिलाय.

उत्तर पाठवा.

तुमची,
सिस्टर


२ सप्टेंबर, सोमवार

पप्पा,

मम्मीचा फोन आला होता. म्हणाली, "हल्ली प्रार्थना कशी सुटसुटीत झालीये! चार मिनिटांत आमेन. हेडमास्तर खूश आहेत." म्हणजे समुद्रावरच्यांना तुम्ही वाऱ्यावर सोडलंत. माझ्यावरचा राग त्यांच्यावर कशाला?

आज भांडायला लिहीत नाही. पहिल्या पत्रात मी सगळं सांगितल्यासारखं लिहिलं होतं, पण एक गोष्ट झाकून ठेवली होती. ती खुपते आहे.

सुतारकाकांचं चित्र. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून सांगते. चेहरा नाहीच त्यात, फक्त मांडीवरचे दोन हात. उजव्या हाताने डावा हात मनगटाशी घट्ट दाबून धरला आहे, अंगठ्याच्या खालची शीर टरारून आली आहे. बघणाऱ्याला वाटतं, काय तळमळीने प्रार्थना करतोय माणूस. रबर सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे तू काढलंस?" तीन वर्षांत त्यांनी मला दिलेली शाबासकी ती एवढीच.

काका तळमळत नव्हते. त्यांचा डावा हात थरथरतो. सोडला की थरथरतो, म्हणून ते दाबून धरतात. मला हे एप्रिलपासून ठाऊक होतं. ज्याचं पोट हातांवर आहे असा माणूस आपला हात सगळ्या जगापासून लपवतो आहे, घरच्यांपासूनही, हे मला कळलं होतं. तरी मी ते चित्र लावलं. मधोमध लावलं. कारण ते सगळ्यांत चांगलं होतं. दुसरं काही कारण नाही.

शिंपीणबाईंबरोबर आलेल्या दहा जणींत काकू होत्या. हात कुणाचे ते त्यांनी लगेच ओळखलं, चाळीस वर्षांचा संसार आहे. आणि का धरलाय तेही तिथेच उभ्या उभ्या ओळखलं. मी दाराशी सगळ्यांना पत्रकं वाटत होते. त्यांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि गेल्या. पंचांना तक्रार करणाऱ्यांत त्या नव्हत्या. म्हणूनच मला झोप लागत नाही.

तुम्ही "दोष माझा" म्हणालात तेव्हा मला एवढा राग का आला, ते आता लिहू शकते. तुम्ही क्षमा हेडमास्तरांच्या डुलकीसाठी मागितलीत असं मला वाटलं. या हातांची तुम्हाला कल्पनाही नव्हती. आणि माझ्या खऱ्या चुकीवर तुमच्या थोरपणाचं पांघरूण पडलं.

आणखी एक. इथे जवळ एक चर्च आहे, तिथे मी जाते, मागच्या बाकावर. वही नेत नाही. पण प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत. मिटले की आपोआप उघडतात. सवय लागली आहे. आता वाटतं, यावर काही औषध असेल तर ते तुमच्याकडेच असेल, आणि तुम्ही कामात आहात.

तुमची,
मुलगी


११ सप्टेंबर, बुधवार

पप्पा,

काल सुतारकाकांच्या दुकानात गेले होते. आपल्या घरावरून गेले, पण आत आले नाही. तुमच्या खिडकीत दिवा होता.

काका रंधा मारत नव्हते. बाकावर बसून स्क्रू निवडत होते, लहान एका डब्यात, मोठे दुसऱ्यात. मला बघून म्हणाले, "ये, चित्रकारीणबाई. आज कुणाचं नाक न्यायला आलीस?"

मी म्हटलं, "काका, माफी मागायला आले."

"कशाची?"

"तुमचा हात काढला त्याची. मला माहीत होतं, तरी लावला."

काकांनी हातातले स्क्रू खाली ठेवले. "वर्षभर मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होतो," ते म्हणाले. "हिनं विचारलं की म्हणायचो, थंडी आहे. भर उन्हाळ्यात! तिला पटायचंसुद्धा. माणूस आपलं असलं की काहीही पटतं. मग त्या दिवशी तुमच्या कॉलेजातून आली, पर्स ठेवली, माझ्या शेजारी बसली, आणि हात धरून म्हणाली, कधीपासून?"

मी खाली पडलेला एक स्क्रू उचलून डब्यात टाकला.

"राग आला होता मला तुझा," काका म्हणाले. "अजून आहे थोडा, खोटं कशाला बोलू? सांगायचं होतं गं मला. माझं मी, माझ्या तोंडानं, मला जमेल तेव्हा. ते तू घेतलंस. तेवढं मला परत देता येणार नाही तुला."

पप्पा, शब्दाला शब्द तेच. मी पहिल्या पत्रात तुम्हाला जे लिहिलं ते. तुम्ही माझ्याशी जे केलंत म्हणून मी महिनाभर गाल फुगवून बसले आहे, ते मी काकांशी आधीच करून बसले होते. आणि तुम्ही निदान प्रेमाने केलंत. मी चित्र चांगलं आलं म्हणून केलं.

मी म्हटलं, "चित्र फाडून टाकते."

"शहाणीच आहेस! फाडतेस कशाला? मला हवंय ते." मग त्यांनी सांगितलं की ते डॉक्टरकडे जाताहेत, औषध चालू आहे, थोडा फरक आहे. पण डॉक्टर सारखं विचारतात, कधी सुरू झालं, आधी एकच बोट होतं की पूर्ण हात, वाढत गेलं की एकदम झालं. "मला काय आठवणार? वर्षभर सगळ्यांना खोटं सांगितलं, मग स्वतःलाही तेच सांगत बसलो. तुझ्या चित्रांवर तारखा असतात म्हणे?"

"तारीख आणि मिनिटं, दोन्ही असतात."

"मग माझे हात क्रमानं लावून दे मला. डॉक्टरला दाखवतो."

मी विचारलं, "काका, मी एकदाच नाही, पुष्कळदा काढले, हे तुम्हाला कसं कळलं?"

काका हसले. "मला हातावर नजर ठेवावी लागायची ना. डोळे मिटले की तो सुटायचा. एप्रिलपासून बघतोय तुला. आणि उघड्या डोळ्यांचे आपण दोघंच होतो, अशा भ्रमात राहू नकोस."

"आणखी कोण होतं?"

"ते मी सांगायचं नाही. एकाचं झाकलेलं दुसऱ्यानं भिंतीवर लावलं, तेवढं पुरे झालं या वर्षाला."

मला वाटतं शिंपीणबाई असतील. हेडमास्तर नक्कीच नाहीत.

निघताना काकांनी तीन मोठे स्क्रू कागदात बांधून मला दिले. चर्चच्या दाराच्या बिजागरीचे. म्हणाले, "वर्षभर हेच बसवायचं टाळत होतो. स्क्रू-ड्रायव्हर धरवत नाही. तू येशील तेव्हा मी दार उचलून धरतो, तू पीळ."

मी येईन की नाही ते त्यांनी विचारलं नाही.

तुमची,
मुलगी


१८ सप्टेंबर, बुधवार

पप्पा,

रविवारी दुपारी कॉलेजचा स्टुडिओ रिकामा होता. मी काकांचे हात लावायला बसले. त्यासाठी चारही वह्या काढल्या आणि एकूण एक पान, प्रदर्शनात न लावलेलंसुद्धा, तारखेच्या क्रमाने जमिनीवर लांब रांगेत मांडलं. आतापर्यंत मी ती चित्रं चांगल्या-वाईटाप्रमाणे लावत आले होते. तारखेप्रमाणे कधीच लावली नव्हती.

काकांचे हात सापडले. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी फक्त करंगळी दाबून धरलेली, मेअखेर सगळा पंजा. डॉक्टरांना उपयोग होईल. पण मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्यांकडे गेलं.

७ जानेवारी, चार मिनिटं. १४ जानेवारी, चार. २१ जानेवारी, पाच. त्या महिन्यात कुठेच हात नाहीत, मनगटापाशी सगळं संपतं. ११ फेब्रुवारी, चार. त्या दुपारी जेवताना तुम्ही विचारलंत की हातांना किती वेळ लागतो.

१८ फेब्रुवारी, सहा. २५ फेब्रुवारी, सात. ३ मार्च, नऊ. १० मार्च, दहा. तिथे पहिल्यांदा हात पूर्ण आहेत. पुढे जुलैपर्यंत एकदाही दहाच्या खाली नाही. २ जूनला शिंपीणबाई रडत होत्या आणि त्यांची बोटं एकमेकांत अशी गुंतली होती की मला ती सुटेनात. तुमचा आवाज उतरला होता, आता आमेन येणार, हे मला आवाजावरून कळतं, आणि मी मनात म्हटलं, गेलं. तेव्हा तुम्ही श्वास घेतलात आणि म्हणालात, "आणि हे प्रभू, जे समुद्रावर आहेत." त्यांच्यानंतर दीपगृहांतले लोक आले. कोपऱ्यात तेरा मिनिटं लिहिली आहेत. बोटं सगळी आहेत, दहाच्या दहा.

लहानपणी शनिवारी व्यासपीठ पुसायचं काम माझ्याकडे होतं. तिथून तिसरा बाक कसा दिसतो ते मला माहीत आहे. गीतांच्या उघड्या पुस्तकाचा पान क्रमांकसुद्धा वाचता येतो. आणि समोर, मागच्या भिंतीवर, घड्याळ.

मी जमिनीवर बसून राहिले. रबर सर काहीतरी विसरलेलं न्यायला आले होते. त्यांनी मला बघितलं, कागदांची रांग बघितली आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सर, माझ्या वडिलांना माहीत होतं." सरांना काय कळणार? पण त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. ग्रॅफाइटने काळा झालेला होता. माझं तोंड आणखीच काळं झालं.

"या गोष्टीत दोष माझा आहे." पप्पा, तुम्ही थोरपणा करत नव्हतात. तुम्ही खरं तेच सांगत होतात. साठ माणसांना डोळे मिटायला सांगून तुम्ही तुमचे उघडे ठेवलेत, मला थांबवलं नाहीत, उलट मला वेळ पुरवलात, कुणाला न सांगता, मलाही न सांगता. आणि पुरवलेल्या त्याच वेळात मी काकांचा हात काढला. त्याची क्षमा तुम्ही मागत होतात. स्वतःच्या वाट्याची. आणि मी तिसऱ्या बाकावरून उठून गेले, आणि दार आपटलं.

तुम्ही मला सांगितलं का नाहीत, हे विचारणार नाही. व्यासपीठावरून कसं सांगणार, आणि घरी आपण मीठ मागतो.

मी रविवारी येते. थोडी लवकर, काका दाराशी भेटणार आहेत, बिजागरी आधी. मग उपासनेत उभी राहून माझ्या वाट्याची माफी मागेन. तुमच्या वाट्याची तुम्ही मागितलीत, तिला हात लावणार नाही. चित्रं पंचांना देणार नाही. ज्याचं चित्र त्यालाच विचारायला मी तीन दिवस घरोघर फिरते आहे. नको म्हणेल त्याचं भिंतीवरून उतरेल, आणि परीक्षा झाली की प्रत्येकाचं त्याला मिळेल. आतापर्यंत पाच जण नको म्हणाले. शिंपीणबाईंनी आधी मला अर्धा तास झापलं आणि मग हो म्हणाल्या. हेडमास्तरांची अट आहे की खाली 'चिंतन' असं लिहायचं. काकांचं चित्र भिंतीवर नसेल, ते डॉक्टरांकडे जाईल. रबर सर म्हणाले, "तुझं सगळ्यांत चांगलं काम तू काढून घेते आहेस." मी म्हटलं, हो.

त्यामुळे मधली जागा रिकामी झाली आहे. आणि रविवारी सगळी पानं पुन्हा मोजताना लक्षात आलं, मंडळीतलं प्रत्येक माणूस आहे, दाराशी बसणाऱ्या आजीसुद्धा आहेत, फक्त तुम्ही नाही. सात महिने तुमच्या समोर बसून मी एकदाही मान वर करून तुमच्याकडे बघितलं नाही. भीती वाटायची. बघितलं असतं तर तुमचे उघडे डोळे दिसले असते, आणि हे सगळं त्याच दिवशी संपलं असतं किंवा सुरू झालं असतं.

रविवारी वही आणते आहे. गीतांच्या पुस्तकात लपवणार नाही, मांडीवर उघडी ठेवीन. मला तुमचे हात काढायचे आहेत, व्यासपीठाच्या कडेवर ठेवता तसे. मी सगळ्यांना विचारलं, तसं तुम्हालाही विचारते आहे. उत्तर टपालाने पाठवायला आता वेळ नाही, तिथेच द्या.

तुमची हरकत असेल तर चार मिनिटांत आमेन म्हणा. नसेल, तर समुद्रावरच्यांना विसरू नका.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची